बिनव्याजी

झुंबरबाईचा गळा असा, की बोरगव्हाणच्या या टोकाला तिनं "सुकट घ्या, बोंबील घ्या" म्हणून हाळी दिली की त्या टोकाची मांजरं उठून बसायची. नवरा गेला तेव्हा पंकजा कडेवर होती. तेव्हापासून ह्याच गळ्यावर तिनं दोघींचं पोट भरलं. तिसगाव, करंजी, मिरी, जिथं बाजार भरेल तिथं गोणपाट अंथरायचं, वाळल्या मासळीचे ढीग लावायचे आणि दिवस मावळेपर्यंत ओरडायचं. अंगाला वास यायचा. यष्टीत शेजारची बाई नाकाला पदर लावायची, तर झुंबरबाई तिला म्हणायची, "आता लावा पदर, आन् घरी गेल्यावर चटनी करा."

बोरगव्हाण हे पाथर्डीच्या पूर्वेचं, डोंगराखालचं गाव. पाऊस इथं पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. दसरा झाला की निम्मं गाव कोयते घेऊन ऊस तोडायला निघतं. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी विधवा म्हणजे अर्धा कोयता. तिला टोळी नेणारा मुकादम दारात उभं करत नाही. झुंबरबाईला त्याचं दुःख नव्हतं. नवरा उसाच्या फडातच गेला होता आणि आपल्या पोरीच्या हातात कोयता द्यायचा नाही, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पंकजा यंदा बारावी होत होती. तिला श्रीरामपूरला नर्सिंगला घालायचं होतं. पोरगी पांढऱ्या कपड्यात दवाखान्यात फिरतेय, एवढं एकच चित्र झुंबरबाईच्या डोक्यात होतं आणि ते ती दिसेल त्याला सांगत सुटायची.

ह्या चित्राला पैसा मासळीतूनच येणार होता. मासळीच्या धंद्याचं गणित सोपं आहे. वैशाखात नगरच्या व्यापाऱ्याकडे बोंबील स्वस्त असतो. तेव्हा घेऊन ठेवायचा, आणि मृग निघाल्यापासून आखाड सरेपर्यंत विकायचा. मृगाच्या पावसात भाजी नासते, माणसाला सुक्याची आठवण येते आणि भाव दुप्पट होतो. पण वैशाखात माल भरायला हातात रोकड लागते. ती रोकड दर साली बायकांना छोटी कर्जं देणारी कंपनी द्यायची, पंधरा हजार. हप्ता दर आठवड्याला. गावातल्या कर्जदार बारा बायकांचा गट म्हणजे केंद्र, ते झुंबरबाईच्या ओट्यावर भरायचं, आणि त्या केंद्राची प्रमुख झुंबरबाई. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, असा कायदा. पण झुंबरबाई असताना चुकवायची कुणाची छाती होती? ती दारात जाऊन अशी बोंब मारायची की नवरे स्वतः पैसे आणून द्यायचे. बायका तिला अध्यक्षीणबाई म्हणत. ते ऐकलं की ती लुगड्याचा काठ उगाच नीट करायची.

व्याज मात्र जबर होतं. तसं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि सगळ्याच गप होत्या, कारण गावातला सावकार त्याच्याही दुपटीनं घ्यायचा. मग हिवाळ्यात नगरला मोर्चा निघाला. जिल्हाभरच्या बायका आल्या होत्या. पुढाऱ्यांचे माईक बंद पडले आणि कुणीतरी म्हणालं, "त्या बोंबीलवाल्या मावशीला पुढं घ्या." झाली की मग आपली झुंबरबाई मोर्च्याच्या तोंडाला! "व्याज कमी करा, न्हाई तर खुर्ची खाली करा!" तिच्या आवाजानं कचेरीच्या झाडावरचे कावळे उडाले. पेपरात फोटो आला. तोंड उघडं, मूठ वर. तिनं तो फोटो भिंतीला चिकटवला आणि पंकजाला त्याखालची बातमी चार वेळा वाचून दाखवायला लावली.

आणि खरंच, होळीच्या आत वरून नियम निघाला. कंपन्यांना अमुक टक्क्यांच्या वर व्याज घेता येणार नाही. आकडा ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. निम्म्याच्या जवळपास! बनुबाईनं तर झुंबरबाईला मिठीच मारली. बनुबाई म्हणजे शेजारीण, लहानपणापासूनची मैत्रीण, कल्याण नावाच्या एका धडधाकट पण बिनकामाच्या पोराची आई. ती म्हणाली, "झुंबरे, तू व्हतीस म्हनून गं. न्हाई तर आमाला कोन इचारतंय!"

पुढच्या केंद्राच्या दिवशी कंपनीचे साहेब आले तेव्हा झुंबरबाईनं पेढा त्यांच्या तोंडाजवळ नेला. साहेब म्हणजे सुश्रुत, नगरच्या सावेडीतला तरणा पोरगा, बोलायला मऊ, मासळीच्या वासानं दर खेपेला थोडा पांढरा पडणारा. त्यानं पेढा घेतला पण मयताच्या घरी चहा घ्यावा तसा घेतला.

"मावशी, बसा सगळ्या. बोलायचं आहे," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते असं. पंधरा हजारांच्या कर्जाला त्याला जेवढ्या चकरा माराव्या लागतात तेवढ्याच साठ हजारांच्या कर्जालाही. पेट्रोल तेच, पगार तोच, पावतीही तीच. आधीच्या व्याजात छोट्या कर्जाचा खर्च कसातरी निघायचा. आता नव्या व्याजात तो निघत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून कंपनीनं छोटी कर्जं बंद केली होती आणि डोंगराकडची केंद्रंही. करंजीचं केंद्र तेवढं राहणार होतं, तिथं मोठी कर्जं मिळणार होती, पण ज्यांचं घर नावावर आहे किंवा घरात पगार येतो त्यांनाच.

"मंजी व्याज कमी केलं तर कर्जच बंद?" झुंबरबाईनं विचारलं.

"मी नाही केलं, मावशी. वरून आलंय." त्यानं आवाज खाली आणला. "तुमच्यातल्या चौघी करंजीत बसतील. तुम्ही तर नक्कीच बसता. घर तुमच्या नावावर आहे, हप्ता एकदाही चुकलेला नाही. पुढच्या महिन्यात मी तुम्हाला रक्कम देतो. बाकीच्यांचं मात्र नाही जमायचं."

बनुबाईचं घर दिराच्या नावावर होतं. तिनं झुंबरबाईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

इथं झुंबरबाईनं "बरं" म्हटलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच उरलं नसतं. वैशाखात माल भरला असता, आखाडात विकला असता आणि पंकजा श्रीरामपूरला गेली असती. पण झुंबरबाईचा सगळा जन्म बाजारात गेला होता आणि जगात बाजाराखेरीज दुसरं काही असतं यावर तिचा विश्वास नव्हता. बाजारात पहिला भाव कधीच खरा नसतो. गिऱ्हाईक पाठ फिरवून चालायला लागलं की विकणारा जीव टाकून हाक मारतो, "अहो ताई, या, या, तुमचा भाव द्या!" ती स्वतः रोज पन्नास गिऱ्हाइकांना अशा हाका मारायची. तिला वाटलं, ह्या पोराला बारा गिऱ्हाइकं सोडून चालणार आहे व्हय? नव्या व्याजानं तोटा होतो म्हणून हा फुगवून सांगतोय. पाठ दाखवली की येईल वळणावर.

"उठा गं," ती बायकांना म्हणाली. "द्यायचं तर समद्यांला, न्हाई तर कुनालाच नको. आन् आजचा हप्ता कुनी द्यायचा न्हाई. कनवटीला ऱ्हाऊ द्या."

"मावशी, असं करू नका. हप्ता तरी भरा," सुश्रुत म्हणाला.

तिनं बनुबाईला कोपरानं ढोसलं. बघ, लागला बोलायला. बारा बायका उठल्या आणि रस्त्यानं चालू लागल्या. झुंबरबाई सगळ्यांत मागं, अगदी सावकाश, कान पाठीकडं लावून. आपल्याच ओट्यावर साहेबाला बसवून आपणच निघून जायचं, ह्यात काही चुकतंय असं तिला वाटलंही नाही. मारुतीच्या पारापर्यंत हाक आली नाही. पाराच्या पुढंही आली नाही. मग मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला. दुखरा दात आपोआप पडावा तसा चेहरा करून सुश्रुत त्यांच्या शेजारून निघून गेला.

"येईल पुढल्या आठवड्याला," झुंबरबाई म्हणाली.

तो आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यालाही नाही. हप्ते थकत गेले, आणि नवं कर्ज मिळणार नाही हे कळल्यावर जुनं फेडायची बायकांनाही घाई राहिली नाही. गायीला चाराच नाही तर दूध कोण काढतंय? शेवटी झुंबरबाई स्वतः पाथर्डीला कंपनीच्या कचेरीत गेली, नवं लुगडं नेसून. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरात पाहिलं आणि सांगितलं, की तुमचं सगळं केंद्र थकबाकीत आहे. करंजीची जागा? ती कधीच गेली. मग झुंबरबाई दुसऱ्या कंपनीत गेली, तिसऱ्या कंपनीत गेली. सगळीकडं तोच कॉम्प्युटर आणि त्यात तेच नाव. एका ठिकाणचा पोरगा हसून म्हणाला, "आजी, तुमचं सिबिल गेलं." सिबिल म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण गेलं हे समजलं.

वैशाख आला. नगरला बोंबील स्वस्त झाला आणि झुंबरबाईच्या हातात रोकड नव्हती. तिनं कानातले विकून निम्मं पोतं आणलं, ते मृगाच्या आतच संपलं. आखाडात लोक भाव विचारत तिच्या दारात आले आणि ती रिकाम्या गोणपाटावर बसून त्यांना दुसऱ्या बाईचं दुकान दाखवत होती. त्याच आठवड्यात पंकजाचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं. फी भरायची मुदत होती तोवर झुंबरबाई भावाकडं गेली, नणंदेकडं गेली, गावच्या सावकाराकडंही गेली. सावकारानं घर लिहून मागितलं आणि ती उठून आली. मुदत टळली. पंकजा रडली नाही. तिनं वह्या बांधून माळ्यावर टाकल्या आणि दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाऊ लागली. तिनं आदळआपट केली असती तर झुंबरबाईला बरं वाटलं असतं.

गावानं मात्र झुंबरबाईला सोडलं नाही. पाण्याच्या टाकीवर ती गेली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. एकीला शेळ्या विकाव्या लागल्या, एकीचं शिलाई मशीन सावकाराकडं गेलं. आणि सगळ्यांत जास्त कोण तुटून पडावं? जिच्यासाठी तिनं करंजीची जागा सोडली तीच बनुबाई.

"तुला त्यो देत व्हता," बनुबाई चारचौघींत म्हणाली. "तू घ्यायचं व्हतंस गप. आमच्या नावानं मोठेपना मिरवलास आन् आमालाच खड्ड्यात घातलंस. अध्यक्षीणबाई!"

हे शेवटचं ती असं म्हणाली की ऐकणाऱ्या फिदीफिदी हसल्या. झुंबरबाई हंडा न भरताच घरी आली. भूक सोसवते, वास सोसवतो, पण हे हसणं तिच्या काळजात रुतलं आणि तिथंच राहिलं.

भाद्रपदात गोरक्षनाथ मुकादम गावातल्या आपल्या वाड्यावर आला. पांढरी जीप, पांढरे कपडे, बोटात अंगठ्या. त्याचा धंदा म्हणजे कारखान्याला तोडणारी माणसं पुरवायची. माणसांना आधी पैसे द्यायचे, ती उचल, आणि मग ते पैसे फिटेपर्यंत त्यांच्याकडून ऊस तोडून घ्यायचा. यंदा उचल घ्यायला त्याच्या दारात रांग लागली. पूर्वी ज्या बायका कंपनीच्या पैशावर गावात राहून काही करायच्या, त्याही नवऱ्यांसकट रांगेत होत्या. झुंबरबाईही गेली. काहीच नाही तर टोळीचा स्वयंपाक करीन म्हणाली.

"आक्का, तुमी अर्धा कोयता," गोरक्षनाथ म्हणाला. "त्यात गुडघा गेलेला. तुमाला घेऊन काय करू?"

"व्याजानं तरी द्या थोडं."

"व्याज?" तो मोठ्यानं हसला. "मी व्याज कधी घेतलंय का? मोर्चे तुमी काढता, मी तर बापाच्या काळापास्नं बिनव्याजी देतोय. इचारा कुनाला बी."

आणि ते खरं होतं. गावातलं शेंबडं पोरही सांगेल, की मुकादम व्याज घेत नाही. मोळीचा भाव तोच ठरवतो, खाडे तोच मांडतो, आजारी पडलेला दिवस तोच दुप्पट कापतो आणि हंगाम संपला तरी निम्मी उचल अंगावर राहते, ती पुढच्या साली फेडायची. पण व्याज नाही. व्याजाविरुद्ध घसा फोडलेल्या झुंबरबाईला तो शब्द ऐकून बरंच वाटलं, ह्याला काय म्हणावं?

गोरक्षनाथानं जरा विचार केल्यासारखं केलं. "बनुबाईचा कल्याण बी अर्धाच हाय," तो म्हणाला. "त्याला जोडीदारीन नाही म्हनून अडलंय. तुमच्या घरात पोरगी हाय, अठराची झाली. दोघांचं उरकून टाका. एक कोयता, एक लाख. निम्मे बनुबाईला, निम्मे तुमाला. समद्यांचंच भागतंय."

झुंबरबाई तिथून शिव्या देत उठली. घरी येईपर्यंत शिव्या संपल्या आणि आकडा उरला. निम्मे म्हणजे पन्नास हजार. पोरीची पुढल्या सालची फी. शिवाय थोडा बोंबील.

तीन दिवस तिनं पंकजापासून तो आकडा लपवला. मग चुलीपाशी बसून, लाकडं सारत, तिकडं तोंड करून बोलली. "एकच हंगाम. पाडव्याला परत. पैसे तुझ्या नावानं पोष्टात टाकते, हात बी लावायची न्हाई. पुढल्या आखाडात तू श्रीरामपूरला."

"आणि कल्याण?" पंकजानं विचारलं.

"त्यो काय तुला अडवतोय. गरीब पोरगं हाय."

पंकजा आईसारखी नव्हती. तिचा आवाज कधी ओसरीच्या बाहेर गेला नाही. "पैसे माझ्या नावावर," ती म्हणाली. "हंगाम माझा, पैसे माझ्या फीचे. त्याला तू हात लावणार नाहीस. आई, शपथ घे."

झुंबरबाईनं मोहट्याच्या देवीची शपथ घेतली आणि ती मनापासून घेतली. खोटी शपथ घेणाऱ्यांतली ती नव्हती.

तुळशीचं लग्न लागायच्या आधीच पंकजाचं लागलं. चातुर्मास होता, मुहूर्त नव्हता, पण टोळीच्या लग्नाला मुहूर्त लागत नाही, ट्रॅक्टर लागतो. मारुतीच्या पारावर दोन हार, एक भटजी आणि बनुबाईच्या घरचा शिरा. कल्याणनं नवा शर्ट घातला होता, त्याची घडीही मोडली नव्हती. दुसऱ्याच दिवशी सकाळी टोळी निघायची होती आणि त्याआधी गोरक्षनाथाच्या वाड्यापुढच्या मोकळ्या जागेत उचल वाटायची होती. दोन ट्रॉल्या लागल्या होत्या. त्यात पत्रे, बांबू, शेळ्या, कोंबड्या, पिठाचे डबे, पोरं. पंकजा हिरव्या चुड्यासकट अंगठ्याऐवजी सही करायला उभी होती, आणि गोरक्षनाथाच्या शेजारी खुर्चीवर, चहाची बशी हातात घेऊन, सुश्रुत बसला होता.

झुंबरबाई त्याला बघून थबकली.

"वळख हाय ना, आक्का?" गोरक्षनाथ खुशीत होता. "आता आमचं खातं साहेबांकडं. आधी मला बाजारातनं महाग पैसा उचलावा लागायचा. आता कंपनी मोठं कर्ज देते, व्याज निम्मं. ही समदी उचल त्यातलीच. तुमी मोर्चा काढला, आमचं कल्यान झालं बगा."

सुश्रुतनं नजर बशीत घातली. "सगळी कागदपत्रं नियमात आहेत, मावशी," तो म्हणाला, जणू कुणी विचारलं होतं.

बारा बायकांना नाकारलेला पैसा ह्या एका माणसाला मिळाला होता, आणि आता तोच त्याच बायकांच्या हातात पडत होता. कंपनीकडून आला असता तर त्यांनी त्याचे हप्ते भरले असते. मुकादमाकडून आला म्हणून हप्त्याच्या जागी त्या स्वतःच भरल्या जात होत्या. झुंबरबाईला हे असं शब्दांत सुचलं नाही. तिनं पंकजाच्या सहीचे पन्नास हजार मोजून घेतले, पदराच्या गाठीत बांधले आणि पोष्ट किती वाजता उघडतं ह्याचा विचार करत वळली.

तेवढ्यात सुश्रुतनं टोळीच्या बायकांकडे पाहून घसा साफ केला. तो काही उचल वाटायचा सोहळा बघायला आला नव्हता. "सगळ्याच भेटलात म्हणून सांगतो. जुन्या केंद्राची थकबाकी अजून आहे. आज हातात पैसे आहेत तर भरून टाका. एकरकमी भरली तर मी दंड सोडतो, नावं साफ होतील."

बायकांनी उचलीचे पैसे छातीशी धरले. त्यांतल्या एकीचा नवरा चिडला. "ह्यातलं द्यायचं तर खायाचं काय तिकडं?"

"आमाला का मागता?" बनुबाई म्हणाली. तीही नवऱ्याबरोबर ट्रॉलीत चढून बसली होती. कालपासून ती झुंबरबाईची विहीण होती, पण जीभ तीच होती. "आमी भरत व्हतो. उठा म्हनून सांगनारी कोन व्हती? कुटं गेल्या आमच्या अध्यक्षीणबाई? फोटूत तोंड उघडायला पुढं, आन् पैसे भरायच्या वक्ताला मागं."

आणि पुन्हा तेच हसणं. ट्रॉलीत बसलेल्या बायका हसल्या, पुरुष हसले, त्यांचं बघून पोरंही हसली. गोरक्षनाथ मिशीत हसला.

झुंबरबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. चैत्रापासून ती हे ऐकत होती. ज्या गावात तिच्या हाकेनं दारं उघडायची त्या गावात सहा-सात महिने कुणी तिला हाक मारली नव्हती. तिचा हात गाठीकडं गेला. ती स्वतःला सांगत होती की सगळे नाही, थोडेच, आपल्या एकटीचे. पण गाठ सुटली आणि आवाज आला, तोच जुना, बाजाराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

"किती हाय समद्यांचं? बारा जनींचं? सांगा, सायेब!"

सुश्रुतनं मोबाईलमध्ये पाहिलं. अठ्ठेचाळीस हजार आणि वर काही.

"घ्या!" तिनं नोटा त्याच्या पुढच्या टेबलावर आपटल्या. "झुंबरबाईच्या शब्दावर बायका उठल्या, झुंबरबाईनं भरले. लिवा. एकेकीचं नाव घेऊन लिवा!"

मग बनुबाई ट्रॉलीवरून उतरली, झुंबरबाईच्या गालावरून तिनं हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "खरी अध्यक्षीन गं माझी बाई. कुनाला जमायचं न्हाई हे." दुसरी म्हणाली, "झुंबरआक्का हाय म्हनून गावाला तोंड हाय." झुंबरबाईचे डोळे भरून आले. किती दिवसांनी! तिनं लुगड्याचा काठ नीट केला आणि सुश्रुतला विचारलं, "मग सायेब, केंद्र कधी भरवताय माझ्या ओट्यावर?"

"केंद्र बंदच झालं ना, मावशी," तो पावत्या फाडता फाडता म्हणाला. "ते आता नाही. पण खातं निल झालं हे फार चांगलं केलंत."

तेव्हा तिला पंकजा दिसली. ती टेबलापासून चार हातांवर उभी होती. सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

ट्रॅक्टर सुरू झाले. कल्याणनं ट्रॉलीतून हात पुढं केला, पंकजानं तो धरला नाही, चाकावर पाय ठेवून ती स्वतःच चढली. झुंबरबाई गुडघ्यावर हात ठेवून, लंगडत, ट्रॉलीच्या कडेला आली. तिच्या मुठीत उरलेल्या नोटा होत्या, हजार-दीड हजाराच्या. त्या तिनं वर धरल्या.

"एकच हंगाम, पंके," ती म्हणाली. "पाडव्याला येशील. मी आखाडापतुर कसं बी करून—"

"कुठला हंगाम?" पंकजा म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता, ट्रॅक्टरच्या आवाजात झुंबरबाईला टाचा उंच करून ऐकावं लागलं. "माझा हंगाम तू आत्ता खर्चून टाकलास. एक मोळी तोडली नाही मी अजून. पुढल्या साली फी कशातून भरू? पुढल्या सालचीही उचलच घ्यावी लागेल. आणि मग त्याच्या पुढल्या सालची."

"बिनव्याजी हाय गं," झुंबरबाई म्हणाली.

पंकजानं तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तरी चाललं असतं. "बिनव्याजीच आहे, आई," ती म्हणाली. "मुद्दल मी आहे."

ट्रॉली हलली. बनुबाईनं वरून हात केला आणि सगळ्या बायकांनी केला. झुंबरबाई धुळीत उभी राहून हात हलवत होती, आणि मागून गोरक्षनाथ तिला हाक मारून सांगत होता, की आक्का, पुढल्या भाद्रपदात लवकर या, पोरीची उचल वाढवून देतो.